'प्रोटेक्ट' : पोकेमॉन खेळमालिकेतील एका बचावात्मक चालीचे विश्लेषण

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या चर्चेत येतो तो बहुधा तक्रारीच्या स्वरात. विद्यार्थ्यांचा वेळ, त्यांची एकाग्रता, त्यांचे वाचन या सर्वांवर या खेळांचा परिणाम होतो अशी ती तक्रार असते. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु त्या तक्रारीपलीकडे न गेल्यामुळे या खेळांच्या अंतर्गत रचनेकडे, म्हणजेच त्यांच्या नियमांकडे, अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. बुद्धिबळ, ब्रिज, पोकर यांसारख्या खेळांच्या नियमांचा विचार गणित आणि अर्थशास्त्र या विद्याशाखांनी गांभीर्याने केला आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेला, द्यूतसिद्धान्ताचा पाया घालणारा निबंधही शीर्षकापासूनच बैठ्या खेळांविषयीचा होता, याचे स्मरण येथे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात 'पोकेमॉन' या जपानी खेळमालिकेतील 'प्रोटेक्ट' या एकाच चालीचा विचार केला आहे. भारतातील आजच्या तरुण पिढीला हे नाव अपरिचित नाही. २००३ पासून कार्टून नेटवर्क वाहिनीवर या नावाची चित्रमालिका दाखवली गेली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाईलवरील खेळ येथे अधिकृतपणे उपलब्ध झाला. तथापि या सर्वांच्या मुळाशी असलेला जो मूळ खेळ, त्याची लढतीची रचना फारच थोड्यांना ठाऊक असते. 'प्रोटेक्ट' वापरणारा प्राणी त्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला कोणतीही इजा करीत नाही. तो केवळ स्वतःवरील आघात टाळतो. वरकरणी इतकी निष्क्रिय असलेली ही चाल दुहेरी लढतींच्या स्पर्धांत सर्वाधिक आढळणाऱ्या चालींपैकी एक का व्हावी, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

लढतीची रचना

'पोकेमॉन'चे पहिले दोन खेळ, 'रेड' आणि 'ग्रीन', २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. सातोशी ताजिरी यांच्या 'गेम फ्रीक' या संस्थेने ते घडविले आणि निन्टेन्डोने प्रसिद्ध केले. खेळाडू काल्पनिक प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवतो. प्रत्येक प्राण्याजवळ एका वेळी जास्तीत जास्त चार चाली असू शकतात. ही मर्यादा पुढील संपूर्ण विवेचनासाठी महत्त्वाची आहे, कारण बचावाची एक चाल पदरी बाळगणे म्हणजे आक्रमणाची एक चाल सोडून देणे होय.

बुद्धिबळात एकाने चाल केल्यावर दुसरा ती पाहून उत्तर देतो. पोकेमॉनमध्ये तसे नाही. दोन्ही खेळाडू आपापली चाल एकाच वेळी, परस्परांना न कळू देता निवडतात. निवड झाल्यानंतर ज्या प्राण्याचा वेग अधिक त्याची चाल आधी घडते. काही चालींना मात्र वेगनिरपेक्ष अग्रक्रम दिलेला असतो. वेगाने मंद असलेला प्राणीही अशी चाल आधी करू शकतो. निवडीचा हा एककालिकपणा ध्यानात घेतल्याशिवाय 'प्रोटेक्ट'चे मर्म उलगडत नाही. प्रतिस्पर्ध्याने कोणती चाल केली आहे हे पाहून ढाल पुढे करता आली असती, तर तिच्यात काही कौशल्य उरले नसते. येथे ढाल पुढे करायची ती समोरचा वार करील या अंदाजावर.

उगम आणि नियम

पहिल्या पिढीच्या खेळांत ही चाल नव्हती. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या दुसऱ्या पिढीच्या खेळांत ती प्रथम अवतरली. तिचे जपानी नाव 'मामोरु', म्हणजे साध्या शब्दांत 'रक्षण करणे'. तिच्याबरोबर 'डिटेक्ट' आणि 'एन्ड्युअर' या दोन भगिनी-चालीही आल्या. 'डिटेक्ट'चा परिणाम 'प्रोटेक्ट'सारखाच आहे. तिचे जपानी नाव 'मिकिरी' हे मात्र प्रतिस्पर्ध्याचा वार आधीच ओळखून चुकविण्याच्या युद्धकौशल्याचे निदर्शक आहे. 'एन्ड्युअर' आघात थांबवीत नाही, परंतु कितीही मोठा आघात झाला तरी प्राण्याचा एक गुण शिल्लक ठेवते.

'प्रोटेक्ट' दहा वेळा वापरता येते, 'डिटेक्ट' केवळ पाच वेळा. विशेष औषधाने या संख्या अनुक्रमे १६ आणि ८ पर्यंत वाढविता येतात. परिणाम सारखाच असताना कमी वेळा वापरता येणारी चाल कोणी का निवडावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे एक उत्तर 'इम्प्रिझन' या चालीत आहे. ती वापरणाऱ्या प्राण्याला ज्या चाली येतात, त्या चाली प्रतिस्पर्ध्याला वापरता येत नाहीत. 'प्रोटेक्ट' जाणणाऱ्या प्राण्याने 'इम्प्रिझन' केले की समोरच्यांची 'प्रोटेक्ट' बंद पडते. 'डिटेक्ट' मात्र नावाने वेगळी असल्यामुळे वाचते. नियमांच्या अशा सांदीकोपऱ्यांतच अनुभवी खेळाडूंचा अभ्यास दिसून येतो.

या चालीचा प्रसारही लक्षणीय आहे. बहुतेक चाली विशिष्ट प्राण्यांपुरत्या मर्यादित असतात. 'प्रोटेक्ट' मात्र जवळजवळ प्रत्येक प्राण्याला शिकविता येते. 'मॅजिकार्प' हा दुबळा मासा किंवा 'डिट्टो' यांसारखे मोजकेच प्राणी त्याला अपवाद आहेत. समोर कोणताही प्राणी असला तरी त्याच्याजवळ ही चाल असण्याची शक्यता खेळाडूला गृहीत धरावीच लागते.

पाचव्या पिढीपासून (२०१०) नवव्या पिढीपर्यंत 'प्रोटेक्ट'चा अग्रक्रम अधिक चार असा आहे. पहिल्याच फेरीत समोरच्याला दचकवून निष्प्रभ करणाऱ्या 'फेक आउट' या चालीचा अग्रक्रम अधिक तीन, 'एक्स्ट्रीम स्पीड'चा अधिक दोन आणि 'क्विक अटॅक'चा अधिक एक. म्हणजे नेहमीच्या वेगवान आक्रमणांपैकी एकही 'प्रोटेक्ट'ला मागे टाकू शकत नाही.

पुनरावृत्तीला बसलेला आळा

अशी अभेद्य ढाल प्रत्येक फेरीत वापरता आली तर लढत संपणारच नाही, ही अडचण रचनाकारांच्या ध्यानात सुरुवातीपासून आली होती. तिच्यावरचा त्यांचा उपाय संभाव्यतेचा आहे. पहिल्या वेळी 'प्रोटेक्ट' हमखास यशस्वी होते. लागोपाठ दुसऱ्या फेरीत वापरल्यास यशाची शक्यता घटते, तिसऱ्या फेरीत आणखी घटते. मध्ये दुसरी चाल केली अथवा 'प्रोटेक्ट' फसली, की मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होते. 'डिटेक्ट' आणि 'एन्ड्युअर' यांचीही मोजणी याच खात्यात होत असल्यामुळे चाली आलटूनपालटून वापरण्याची पळवाट उरत नाही.

ही घट किती असावी याबाबत मात्र रचनाकारांनी मत बदलले. दुसऱ्या ते पाचव्या पिढीपर्यंत शक्यता प्रत्येक वेळी निम्मी होत असे. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या 'एक्स' आणि 'वाय' या सहाव्या पिढीच्या खेळांपासून ती एकतृतीयांश होऊ लागली. लागोपाठ तीन वेळा यश मिळण्याची शक्यता पूर्वी १ × १/२ × १/४, म्हणजे १/८ होती. ती १ × १/३ × १/९, म्हणजे १/२७ वर आली. हा फरक केवळ प्रमाणाचा नाही, तर काही प्रसंगी लढतीच्या स्वरूपाचाच आहे. त्याचे गणित पुढे दिले आहे.

एकेरी लढत : काळ हाच शस्त्र

एकास एक अशा लढतीत 'प्रोटेक्ट'चा हिशेब प्रथमदर्शनी शून्याचा वाटतो. एका खेळाडूची फेरी गेली, दुसऱ्याचीही गेली. मग लाभ कोणता? लाभ होतो तो फेरीच्या अखेरीस आपोआप घडणाऱ्या गोष्टींचा. 'टॉक्सिक' या चालीने झालेली विषबाधा पहिल्या फेरीत एकूण प्राणगुणांच्या १/१६ इतकी हानी करते, दुसऱ्या फेरीत २/१६, तिसऱ्या फेरीत ३/१६ आणि याप्रमाणे वाढत जाते. पाच फेऱ्यांत ही हानी १५/१६ होते आणि सहाव्या फेरीअखेर प्राणी कोसळतो. विष देणाऱ्या प्राण्याने एकाआड एक फेरीत 'प्रोटेक्ट' वापरली तर या सहा फेऱ्यांपैकी तीनच फेऱ्यांत त्याला आघात सोसावे लागतात. त्याच्याजवळ 'लेफ्टओव्हर्स' ही वस्तू असेल तर दर फेरीला १/१६ गुण परत मिळतात, ते वेगळेच. मराठीत 'वेळ मारून नेणे' असा वाक्प्रचार आहे आणि त्यात थोडी टवाळी आहे. येथे मात्र वेळ मारून नेणे हेच मारण्याचे साधन बनते.

ही पद्धत प्रेक्षकाला कंटाळवाणी वाटते आणि पुष्कळ खेळाडूही तिची हेटाळणी करतात. ती नियमबाह्य मात्र नाही.

दुहेरी लढत : एकाच्या मोबदल्यात दोन

'प्रोटेक्ट'ला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २००२ मध्ये. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला आलेल्या 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांनी दुहेरी लढत आणली. तीत प्रत्येक बाजूचे दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. २००९ पासून जागतिक पातळीवर भरणाऱ्या अधिकृत व्हिडिओ गेम अजिंक्यपद स्पर्धांनीही हाच प्रकार स्वीकारला.

दुहेरी लढतीत प्रतिस्पर्ध्याचा एक प्राणी झटपट बाद करण्याचा सरळ मार्ग म्हणजे आपल्या दोन्ही प्राण्यांनी त्याच्यावर एकदम हल्ला चढविणे. समजा, त्या प्राण्याने नेमकी त्याच फेरीत 'प्रोटेक्ट' केली. दोन्ही हल्ले वाया गेले. दरम्यान त्याचा सोबती मोकळाच होता. त्याने आपले आक्रमण विनाअडथळा केले. एका प्राण्याची फेरी खर्चून प्रतिस्पर्ध्याच्या दोन फेऱ्या निष्फळ झाल्या. एकेरी लढतीतला बरोबरीचा व्यवहार येथे एकास दोन असा होतो. 'प्रोटेक्ट'ला बचावात्मक म्हणणे हे म्हणूनच अर्धसत्य आहे. जो प्राणी ती वापरतो त्याच्या दृष्टीने ती बचावाची असते. संघाच्या दृष्टीने ती आक्रमणाची पूर्वतयारी असते.

याचा आणखी एक पैलू म्हणजे स्वपक्षीयांच्या आघातापासूनचा बचाव. 'अर्थक्वेक' ही चाल प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही प्राण्यांबरोबर आपल्याच सोबत्यालाही हादरविते. दुहेरी लढतीत तिची तीव्रता तीनचतुर्थांश होते, तरीही ती सोबत्याला महागात पडू शकते. सोबत्याने त्याच फेरीत 'प्रोटेक्ट' केली की हा तोटा टळतो.

मुदतबंद परिणामांच्या संदर्भातही ही चाल निर्णायक ठरते. स्वपक्षाचा वेग दुप्पट करणारा 'टेलविंड' पाचव्या पिढीपासून चार फेऱ्या टिकतो. मंद प्राण्यांना आधी खेळू देणारी 'ट्रिक रूम' पाच फेऱ्या टिकते. प्रतिस्पर्ध्याने अशी अनुकूल स्थिती निर्माण केली, तर तिच्यातील एक फेरी 'प्रोटेक्ट'ने खाऊन टाकता येते. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड' या खेळांत प्राण्याला तीन फेऱ्यांपुरते महाकाय करणारी 'डायनामॅक्स' ही योजना होती. महाकाय प्राण्याचे आघात 'प्रोटेक्ट' भेदीत असत, परंतु त्यांची हानी चतुर्थांशावर येई. तीन फेऱ्यांपैकी एक अशी बोथट होणे म्हणजे तृतीयांश भांडवल बुडणे होय.

२०१४ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी 'पाचिरिसू' या खारीसारख्या, एरवी कोणी निवडत नसलेल्या प्राण्याच्या साह्याने अजिंक्यपद पटकाविले. हा प्राणी 'फॉलो मी' या चालीने प्रतिस्पर्ध्याचे हल्ले स्वतःवर ओढून घेत असे. त्याच्या चार चालींपैकी एक 'प्रोटेक्ट' होती. एका फेरीत वार अंगावर घेणारा प्राणी पुढच्या फेरीत वार चुकवीलही, ही टांगती शक्यता त्या योजनेचा अविभाज्य भाग होती.

अनुमानाचे गणित

'प्रोटेक्ट' केव्हा करावी हे एका लहान कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. क्ष या खेळाडूचा एक प्राणी धोक्यात आहे. क्षपुढे दोन पर्याय आहेत : बचाव करणे किंवा आक्रमण करणे. प्रतिस्पर्धी य याच्यापुढेही दोन पर्याय आहेत : त्या प्राण्यावर दुहेरी हल्ला करणे किंवा ही फेरी स्वतःची स्थिती भक्कम करण्यासाठी वापरणे. फळांची मूल्ये क्षच्या बाजूने पुढीलप्रमाणे मानू. बचाव केला आणि हल्ला आला, तर अधिक दोन. बचाव केला आणि हल्ला आलाच नाही, तर फेरी फुकट गेली, म्हणून उणे एक. आक्रमण निवडले आणि हल्ला आला, तर प्राणी बाद झाला, म्हणून उणे तीन. आक्रमण निवडले आणि हल्ला आला नाही, तर अधिक दोन.

येथे कोणताही एक पर्याय नेहमीच योग्य ठरत नाही. क्ष सदैव बचाव करू लागला तर य हल्लाच करणार नाही. क्ष कधीच बचाव करीत नाही असे कळले तर य सदैव हल्ला करील. फॉन नॉयमन यांच्या सिद्धान्तानुसार दोघांनीही पर्यायांचे मिश्रण करणे इष्ट ठरते. गणित केल्यास क्षने ५/८ वेळा बचाव करावा आणि यने ३/८ वेळा हल्ला करावा असे उत्तर मिळते. लढतीचे सरासरी मूल्य क्षच्या बाजूने १/८ येते. धोक्यात असलेल्या प्राण्याचा मालक किंचित का होईना, वरचढ ठरतो, हे विशेष.

आता पुढची फेरी घेऊ. 'प्रोटेक्ट' यशस्वी झाली आहे, पण तीच पुन्हा वापरल्यास तिचे यश अनिश्चित आहे. जुन्या नियमानुसार यशाची शक्यता १/२ धरली, तर 'बचाव करणे व हल्ला येणे' याचे मूल्य अधिक दोन आणि उणे तीन यांची सरासरी, म्हणजे उणे १/२ होते. तरीही मिश्रणाची गरज संपत नाही : क्षने १०/११ वेळा बचाव करावा आणि यने ६/११ वेळा हल्ला करावा, असे उत्तर येते. परस्परांचे मन ओळखण्याचा खेळ चालूच राहतो. नव्या नियमानुसार शक्यता १/३ घेतली की तेच मूल्य उणे ४/३ होते आणि चित्र पालटते. आता क्ष बचाव करो वा न करो, यला हल्ला करणेच लाभदायक आहे; आणि य हल्ला करणार हे ठाऊक असूनही क्षला बचावाखेरीज बरा पर्याय नाही. अनुमानाला वावच उरत नाही. या उदाहरणात ही सीमारेषा यशाच्या २/५ शक्यतेवर आहे. १/२ तिच्या वर पडते, १/३ तिच्या खाली. मूल्ये बदलली की सीमारेषाही सरकेल हे उघड आहे, आणि पहिल्या फेरीचा विचार करताना दुसऱ्या फेरीची ही प्रतिकूलता हिशेबात घ्यायला हवी, ती येथे घेतलेली नाही. तरीही १/२ चे १/३ केल्याने दुसऱ्या फेरीतील 'प्रोटेक्ट' हा डावपेच न राहता नाइलाज कसा बनतो, याची कल्पना यावरून यावी.

वरील गणितात एक गोष्ट गृहीत आहे : क्षच्या प्राण्याजवळ 'प्रोटेक्ट' आहे हे यला माहीत आहे. पूर्वी स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याच्या चाली आधी कळत नसत. त्यामुळे 'प्रोटेक्ट' नसलेल्या प्राण्यालाही तिच्या केवळ शक्यतेचा आडोसा मिळे. २०२३ च्या हंगामापासून मोठ्या स्पर्धांत दोन्ही संघांच्या चालींची यादी परस्परांना दाखविण्याची पद्धत आली आणि हा फुकटचा आडोसा संपला. चाल आहे की नाही हा प्रश्न मिटला. ती केव्हा केली जाईल हा प्रश्न मात्र कायम राहिला.

उतारे आणि रूपांतरे

प्रत्येक ढालीवर उतारा निर्माण करण्याचा प्रयत्न रचनाकारांनी पुढील काळात केला. २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल' या खेळांत आलेली 'फेइंट' ही चाल 'प्रोटेक्ट' भेदते आणि सोबत्याच्या हल्ल्याला वाट मोकळी करून देते. 'टॉन्ट'मुळे प्राण्याला इजा न करणाऱ्या चाली काही काळ वापरता येत नाहीत. सर्वांत धूर्त उतारा म्हणजे 'एन्कोर'. नुकतीच केलेली चाल पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती तो लादतो. 'प्रोटेक्ट' केलेल्या प्राण्यावर तो पडला तर त्या प्राण्याला निष्फळ होत जाणारी ढालच हाती धरून बसावे लागते. शिवाय काही वस्तूंची किंमत म्हणूनही ही चाल गमवावी लागते : बळ वाढविणारा 'चॉइस बँड' प्राण्याला एकाच चालीला जखडतो, तर 'असॉल्ट व्हेस्ट' घातलेल्याला इजा न करणारी चाल करताच येत नाही.

दुसरीकडे ढालीलाच काटे फुटले. २०१३ मध्ये 'किंग्ज शील्ड' आणि 'स्पायकी शील्ड' आल्या. पहिली स्पर्श करणाऱ्या आक्रमकाचे बळ घटविते, दुसरी त्याचे १/८ प्राणगुण हिरावते. २०१६ च्या 'बेनफुल बंकर'ने विषबाधा होते, २०२२ च्या 'सिल्क ट्रॅप'ने वेग घटतो आणि २०२३ च्या 'बर्निंग बुलवर्क'ने आक्रमक भाजतो. या चाली मोजक्याच प्राण्यांना दिल्या आहेत, आणि ते योग्यच झाले. साधी 'प्रोटेक्ट' सर्वांना, काटेरी ढाल थोड्यांना, ही वाटणी रचनाकारांच्या विवेकाची साक्ष देते.

त्या विवेकाला अपवाद वाटावा असा निर्णय २०२० च्या जूनमध्ये झाला. 'सोर्ड' आणि 'शील्ड'च्या पुरवणीत आलेल्या 'उर्शिफू' या प्राण्याच्या 'अनसीन फिस्ट' या गुणामुळे त्याचे स्पर्शाचे सर्व आघात 'प्रोटेक्ट'मधून पूर्ण ताकदीने पार होऊ लागले. 'फेइंट' वापरण्यासाठी एक चाल आणि एक फेरी खर्चावी लागते. 'उर्शिफू'ला काहीच खर्चावे लागत नव्हते. त्याच्यासमोर अनुमानाचा खेळ एकतर्फी होतो, हा खेळाडूंचा आक्षेप रास्त होता.

'पोकेमॉन गो'मध्ये २०१८ च्या डिसेंबरपासून खेळाडूंच्या आपसांतील लढती सुरू झाल्या, त्यांत ढालीच्या यशाला संभाव्यता लागू नाही. प्रत्येक खेळाडूला एका लढतीत दोन ढाली मिळतात, त्या हमखास चालतात आणि संपल्या की संपल्या. येथे ढाल हल्ला आल्यावरच उघडायची असते. मात्र येणारा हल्ला जबर आहे की क्षुल्लक, हे ती उघडण्यापूर्वी कळत नाही. म्हणून या खेळातील मुरलेले खेळाडू स्वस्तातला हल्ला आधी करतात, समोरच्याची ढाल त्यावर खर्ची पडू देतात आणि खरा वार मागे राखून ठेवतात.